अक्काचे दोन फोटो

कॅमेरा कपाटात आहे, तांदळाच्या डब्याशेजारी.
पिशवीत ओल शोषणाऱ्या दोन पुड्या
सोलापुरात,
जिथे एप्रिलमध्ये ओला टॉवेल
दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळलेला असतो.
लेन्समध्ये बुरशीचा एक ठिपका आहे खरा,
पण तो तिला पुण्यात लागलेला असणार.

नव्या पेठेतला विरेश मठपतींचा स्टुडिओ मोडला
तेव्हा अठरा हजारांना आणला मी हा.
मठपती म्हणाले, न्या, पण रोज हातात घ्या, नाहीतर रुसतो.
रुसला.

कारण मोबाइल खिशात असतो,
किल्ल्या, चिल्लर, शेंगाचटणीच्या पुडीचं तेल, सगळ्यांसकट.
श्रीनाथनं सायकलचा आधार सोडला
तेव्हा मी कपाटाकडे धावलो, पिशवीची चेन, झाकण, बटण.
तोवर तो डीपीपर्यंत जाऊन पडून उठला होता.
बायकोनं गुडघा, धूळ, हसू, सगळं घेतलं होतं
एका हातानं.
दुसऱ्या हातात पिठाची परात.

उलट, सिद्धेश्वर तलावावरचा खंड्या.
मोबाइलला म्हटलं, जवळ आण.
त्यानं आणला,
पण पक्षी नाही, पक्ष्याची आठवण,
मेणात बुडवून काढल्यासारखी.
पंख त्यानं मनानंच भरले असावेत.

मग अक्का.
विडी घरकुलात दारातल्या उजेडात बसते,
मांडीवर सूप, सुपात पत्ता, तंबाखू, दोऱ्याचं रीळ.
बेचाळीस वर्षं. रोज हजार धरल्या तर
हिशोब करू नको म्हणते, विडी वाकडी होते.
तिच्या पेन्शनच्या अर्जाला फोटो हवा होता.
मोबाइलनं काढला, लगेच, सुंदर.
अक्कानं चष्मा चढवला.
"ही कोण? आमची धाकटी नरसव्वा?"
देवीचे व्रण गेले होते.
ओठांजवळची तंबाखूची पिवळी रेघ गेली होती.
मी काहीच पुसलं नव्हतं, शप्पथ.
ते त्यानं आपणहून केलं,
चांगल्या घरच्या पाहुण्यासारखं,
न बघितल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलो.
"काय करलालास बे? लग्न हाय का कुणाचं?"
तिच्या हातांवर रोखला.
तिचा हात थांबेना, म्हणून माझा थांबवला श्वास.
घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडला, अक्काला बोलावलं.
अंगठा.
ताटाएवढा.
आणि त्यावर एकही रेघ नव्हती.
बोटभर कातडं, तेंदूच्या पानानं घासून घासून
तव्यासारखं.

बराच वेळ बघत राहिली.
रेशन दुकानात मशीन तीन वर्षं म्हणत होतं, जुळत नाही,
आणि ही तीन वर्षं दुकानदाराशी भांडत होती,
त्याच्या बापापर्यंत जाऊन, तेलुगूत.
"म्हणजे," म्हणाली, "मशीन खोटं बोलत नव्हतं की रे."
मग, थोड्या वेळानं,
"त्याला उद्या दोन भाकऱ्या नेऊन देते."

अर्जाला मोबाइलचाच लावला.
भिंतीलाही तोच लाव म्हणाली, नंतर, हार घालायला.
"तिथं कोण अंगठा बघतंय?"

भिवंडीच्या भावाला दाखवायचा म्हणून
मी मोबाइल धरला पडद्यासमोर.
त्यानं क्षणभर उजेड चाचपला, धूसर झाला,
आणि मग
त्या गुळगुळीत अंगठ्याभोवती
पिवळी चौकट धरली,
चेहऱ्याभोवती धरतो तशी.

मी बटण दाबलं नाही लगेच.

अक्का मागं सूप घेऊन बसलीच होती.
"सरक जरा," म्हणाली,
"उजेड अडवलालास."